फांदीच्या बदल्यात

रानकोंबडी रात्री जमिनीवर राहत नाही. दिवसभर पाचोळा उकरत, किडे आणि दाणे टिपत ती जंगलाच्या तळाशी वावरते आणि उजेड उतरू लागला की फडफडत एखाद्या फांदीवर चढते. आज परसात हिंडणारी कोंबडी प्रामुख्याने दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या याच तांबड्या रानकोंबडीच्या वंशातली आहे. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली, इ. स. पूर्व 1650 ते 1250 या काळातली हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर खूण मानली जाते. एवढ्या दीर्घ सोबतीत माणसाने तिचे वजन वाढवले, अंडी वाढवली आणि तिचे उडणे जवळजवळ काढून घेतले. संध्याकाळ झाली की उंच जागा शोधण्याची तिची ओढ मात्र तशीच राहिली. परसातल्या खुराड्याचा आराखडा काढायला बसलो तेव्हा मी या गोष्टीपासूनच सुरुवात केली. आपण या पक्ष्याची फांदी काढून घेतली आहे, तेव्हा तिच्या बदल्यात जे देऊ ते फांदीपेक्षा कमी सुरक्षित असता कामा नये, असे मला वाटत होते आणि आजही वाटते.

फांदी नेमके काय देते याचा विचार केला की खुराड्याचे बहुतेक नियम आपोआप हाती येतात. फांदी उंची देते, त्यामुळे जमिनीवरून वास काढत येणारा प्राणी सहजासहजी पोहोचत नाही. फांदीवर चारी बाजूंनी हवा खेळते. विष्ठा खाली पडते आणि पक्षी तिच्यापासून दूर राहतो. धोका जाणवलाच, तर फांदी सोडून निघून जाण्याची वाट मोकळी असते. यांतली शेवटची सोय खुराड्यात देताच येत नाही आणि तिथेच बांधणाऱ्याची जबाबदारी वाढते. कोंबडीची दिवसाची दृष्टी आपल्यापेक्षाही समृद्ध असते. रंग ओळखणाऱ्या तिच्या पेशी चार प्रकारच्या असतात आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचीही तिला जाणीव होते. अंधार पडला की मात्र हीच कोंबडी जवळपास आंधळी होते आणि जिथे बसली असेल तिथेच निपचित बसून राहते. अशा वेळी शत्रू आत शिरला, तर त्या चार भिंती तिचे रक्षण करण्याऐवजी तिला कोंडून ठेवतात. म्हणूनच कच्चे खुराडे हे खुराडे नसण्यापेक्षाही वाईट, असे माझे ठाम मत आहे.

शत्रू कोण, हे ठिकाणानुसार बदलते, पण त्यांच्या पद्धती मोजक्याच आहेत. कुत्रा आणि कोल्हा जमीन उकरतात किंवा अंगाच्या जोराने ढकलतात. मुंगसासारखे सडपातळ प्राणी फटीतून शिरतात आणि डोके आत गेले की त्यांचे उरलेले अंगही जाते. साप अंड्यांसाठी आणि पिलांसाठी येतो. घुशी आणि उंदीर खाद्याच्या वासाने येतात, लाकूड कुरतडून वाट करतात आणि मग मुक्कामालाच राहतात. मांजर आणि रानमांजर चढून वरून वाट शोधतात. उत्तर अमेरिकेतला रॅकून तर पुढच्या पंजांच्या बोटांनी साधी कडी उचलू शकतो. आराखडा कागदावर असतानाच मी प्रत्येक भिंतीला हे सगळे प्रश्न विचारले: हिच्याखालून उकरता येईल का, हिला ढकलता, ओढता किंवा कुरतडता येईल का, हिच्यात कुठे डोके घालता येईल का, हिच्यावर चढून छपराखालून शिरता येईल का. स्वतःचे घर बांधताना माणूस आतून बाहेर पाहतो. खुराडे बांधताना बाहेरून आत पाहावे लागते आणि तेही जमिनीपासून वीतभर उंचीवरून.

जाळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. कोंबड्यांची जाळी म्हणून जी षट्कोनी विणीची पातळ जाळी मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच असते. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी ती बनवलेलीच नाही. तिची तार बारीक असते, तारा एकमेकींना जोडलेल्या नसून त्यांना नुसता पीळ दिलेला असतो आणि एखाद्या मध्यम आकाराच्या कुत्र्याने दात लावून ओढले की हा पीळ उसवत जातो. खुराड्यासाठी हवी ती वेल्डिंग केलेली, साधारण 12 मिलिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची आणि सुमारे एक मिलिमीटर जाड तारेची जाळी. तिच्यातही दोन प्रकार असतात. एका प्रकारात तारेवर जस्ताचा मुलामा आधी चढवलेला असतो आणि तारा नंतर जोडलेल्या असतात. जोडताना त्या त्या बिंदूवरचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच धरतो. दुसऱ्या प्रकारात जाळी आधी जोडतात आणि मग सबंध जाळी वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. ही जाळी महाग पडते, तरी निदान जमिनीत पुरायच्या भागासाठी हीच घ्यावी, कारण तो भाग पुन्हा आपल्या नजरेस पडत नाही.

अर्धा इंच हे मापही तडजोडीचेच आहे. मोठ्या उंदराला साधारण 20 मिलिमीटरची फट पुरते, त्यामुळे 12 मिलिमीटरची जाळी त्याला अडवते. चिमुकले घरउंदीर मात्र सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही जातात. तेव्हा सगळीकडे पाव इंचाचीच जाळी लावावी असे कुणालाही वाटेल, परंतु तिच्या भोकांत पिसांचा भुगा आणि धूळ साचून ती लवकर बुजते आणि हवा अडते. मी अर्ध्या इंचाची जाळी ठेवली आणि लहान उंदरांचा बंदोबस्त खाद्यापुरता केला: रात्री खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाते आणि खुराड्यात दाणाही उरत नाही. जाळी कोणती यापेक्षाही ती कशी बसवली आहे, याला मी जास्त महत्त्व देतो. स्टेपलच्या पिना लाकडात नुसत्या रुतलेल्या असतात आणि लाकूड ओले-कोरडे होत राहिले की त्यांची पकड सैल पडते. त्याऐवजी हातभर अंतरात तीन-चार तरी स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली रुंद वॉशर आणि जाळीच्या कडेवरून स्क्रूने आवळलेली लाकडी पट्टी, अशी बांधणी केली तर ती कड नखांना किंवा दातांना सापडत नाही. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने लावावी. मग बाहेरून ढकलणाऱ्याचा जोर तिला चौकटीवरच दाबतो. आतून लावली तर तोच जोर स्क्रू उपटू लागतो.

उकरणाऱ्या प्राण्यांसाठी भिंतीखाली एक-दीड फूट खोल चर खणून जाळी उभी पुरण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. मला मात्र दुसरी पद्धत अधिक पटली. भिंतीच्या पायथ्याशी जाळी काटकोनात बाहेर वळवायची, जमिनीवर सुमारे 45 सेंटिमीटर आडवी पसरायची, खुंट्यांनी दाबून टाकायची आणि वर माती पसरून गवत वाढू द्यायचे. कुत्रा किंवा कोल्हा उकरायला सुरुवात करतो ती भिंतीच्या अगदी बुडाशी, कारण त्याला आत जायचे असते. तिथे त्याच्या नखांना जाळी लागते. दोन पावले मागे सरून जाळीच्या कडेपलीकडून भुयार खणावे, असे त्याला सहसा सुचत नाही. या पद्धतीत खोदकाम कमी, झाडांच्या मुळांना इजा कमी, आणि काही वर्षांनी जाळी गंजली तर मातीचा पातळ थर बाजूला करून ती बदलताही येते.

दार हा खुराड्याचा सर्वांत कच्चा भाग असतो, कारण ते उघडण्यासाठीच केलेले असते. मी माणसाचे दार बाहेर उघडणारे केले. आत भुशाचा थर वाढला तरी ते अडत नाही आणि बंद असताना चौकटीतल्या ठेपेवर टेकत असल्यामुळे बाहेरचा धक्का ठेप सोसते. ओढणाऱ्यासाठी मात्र कडीच हवी, आणि ती दोन हालचालींनी उघडणारी हवी: आधी खटका दाबायचा आणि मग सरकवायची, किंवा सरकत्या कडीच्या कोयंड्यात स्प्रिंगचा हूक अडकवायचा. एकाच हालचालीत उचलली जाणारी कडी पुरेशी नाही. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावाव्यात, कारण मधोमध एकच कडी असली तर दाराचा खालचा कोपरा ओढून वाकवता येतो आणि मुंगसाला तेवढी फट पुरते. कोंबड्यांचे लहान दार वेगळे, साधारण 30 सेंटिमीटर रुंद आणि 35 सेंटिमीटर उंच, खाचेत वरखाली सरकणारे. त्याच्या खालच्या बाजूलाही खाच किंवा पट्टी असावी, नाहीतर नखाने ते वर सरकवता येते.

आता सांगाड्याकडे वळतो. सुतारकामाचा फारसा सराव नसलेल्या माणसालाही मजबूत चौकट करता येते, फक्त काटकोन आणि तिरपी पट्टी या दोन गोष्टींशी तडजोड करता कामा नये. चार लाकडे टोकाला टोक जोडून केलेला चौकोन कितीही जाड लाकडाचा असला, तरी रिकाम्या काडेपेटीच्या कवचासारखा एका बाजूला कलतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी पट्टी ठोकली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाला बाजू न मोडता आकार बदलता येत नाही. काटकोन तपासायला गुण्या हवाच, परंतु मोठ्या चौकटीत गुण्याची लहानशी चूक टोकापर्यंत वाढत जाते. म्हणून एका बाजूवर तीन माप, दुसरीवर चार माप खूण करावी. दोन खुणांतले अंतर पाच माप भरले की कोपरा काटकोनात आहे. सगळी चौकट जुळली की दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत आणि ते समान भरल्याशिवाय शेवटचे स्क्रू आवळू नयेत. या एका दोरीने पुढची कितीतरी डोकेदुखी वाचते, कारण चौकट तिरकी असली की दार कधीच नीट बसत नाही आणि न बसणाऱ्या दाराची फट हीच मग रात्रीची वाट होते. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे. लाकडाच्या टोकाजवळ आधी बारीक भोक पाडून घ्यावे म्हणजे लाकूड चिरत नाही.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओलावा लागतो; लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ते कुजत नाही. म्हणून खांब थेट मातीत गाडण्याऐवजी दगडी किंवा काँक्रीटच्या जोत्यावर, लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून उभे केले. लाकूड त्याच्या कापलेल्या टोकातून सर्वाधिक पाणी पिते, तेव्हा रंग किंवा तेल देताना खांबांची टोके आधी, सांधा जोडण्यापूर्वी, दोन-तीन हात देऊन भिजवावीत. जोडल्यानंतर ती जागा हाताला लागत नाही. जुने लाकूड वापरण्याचा मोह मलाही होता आणि तो चांगलाही आहे, मात्र पूर्वी टिकाऊपणासाठी आर्सेनिकयुक्त मिश्रणात मुरवलेले लाकूड आणि शिशाच्या जुन्या रंगाच्या फळ्या कोंबड्यांच्या घरात नकोत. कोंबडी प्रत्येक गोष्ट चोचीने तपासते आणि ते विष तिच्यातून अंड्यात उतरू शकते.

छपराचा उतार मागच्या बाजूला ठेवावा, म्हणजे पाणी दारापुढे पडून चिखल होत नाही, आणि वळचण चारी बाजूंनी फूटभर तरी पुढे यावी. पत्रा टिकाऊ असतो, पण तो उन्हात तापतो आणि गार पहाटे त्याच्या खालच्या अंगाला कोंबड्यांच्या श्वासातली वाफ थंड होऊन थेंब धरते. तेच थेंब पाठीवर आणि भुशावर ठिबकतात. पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून फळ्यांचे दुसरे पाखे दिले की उष्णता आणि ठिबक दोन्ही आटोक्यात येतात. लहान खुराडे वाऱ्याच्या मानाने हलके असते, हे विसरले जाते. वादळी वारा वळचणीखालून वर रेटतो, त्यामुळे छप्पर वाशांना, वासे खांबांना आणि खांब जोत्याला, असे पट्ट्या-बोल्टने अखंड बांधलेले असावे.

हे सगळे बंदोबस्ताचे झाले. आता ज्या गोष्टीमुळे मजबूत बांधलेली खुराडीही कोंबड्यांना आजारी पाडतात, त्या हवेविषयी लिहायचे आहे. शत्रूच्या भीतीने माणूस एकेक फट बुजवत जातो आणि शेवटी पेटी तयार करतो. कोंबडी वेगळे मूत्र टाकत नाही. तिच्या शरीरातला नत्र यूरिक आम्लाच्या रूपाने, विष्ठेवरच्या पांढऱ्या थरातून, बाहेर पडतो. ओलावा मिळाला की जिवाणू त्या आम्लाचे विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. हवेत दशलक्ष भागांत पंचवीस भाग ही अमोनियाची मर्यादा कोंबडीपालनात सहसा पाळली जाते. त्याच्या वर डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे बारीक केस निकामी होतात आणि एरवी परतवला गेला असता असा रोग फुप्फुसापर्यंत उतरतो. आपल्या नाकाची अडचण अशी की ते सरावते. रोज आत जाणाऱ्याला वास जाणवेनासा होतो, म्हणून पहाटे दार उघडताना पहिल्याच श्वासाला काय जाणवते त्याकडे लक्ष द्यावे, आणि तेही कोंबडी बसते त्या उंचीवर वाकून.

हवा खेळवायची म्हणजे वारा अंगावर घ्यायचा असे नाही, आणि खुराड्याच्या आखणीतला सर्वांत नाजूक हिशेब हाच आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिसे फुलवून त्यांत हवा धरली की ती बऱ्याच थंडीत टिकते. मात्र वाऱ्याचा झोत पिसे विसकटतो, ती धरलेली हवा निघून जाते आणि पक्षी गारठतो. उलट तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे उकाड्यात धापा टाकून वाफ बाहेर सोडणे एवढाच मुख्य उपाय तिच्यापाशी असतो, आणि आतली हवा आधीच दमट असली तर तो उपायही लंगडा पडतो. म्हणजे थंडी असो वा उकाडा, कोंडलेली दमट हवा दोन्ही वेळी वाईटच. अतिथंड प्रदेशांत तुरे हिमाने काळे पडतात, त्यामागेही गारठ्याइतकाच हा दमटपणा असतो. त्यावर उत्तर असे, की झरोके बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, वळचणीच्या सावलीत, समोरासमोरच्या दोन भिंतींवर आडवे ठेवावेत. गरम दमट हवा वर चढून तिथून निघून जाते, वारा डोक्यावरून वाहतो आणि पिसे हलत नाहीत. मी एका कोंबडीमागे सुमारे एक चौरस फूट झरोका धरला आणि प्रत्येक झरोक्यावर तीच अर्ध्या इंचाची जाळी त्याच वॉशरांनी बसवली.

या बाबतीत जुन्या लोकांचे निरीक्षण थक्क करणारे आहे. पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला याने कोंबड्यांचे घर हिवाळ्यातल्या सूर्योदयाकडे तोंड करून बांधायला सांगितले आहे, आणि बसायची दांडी गोल न ठेवता चौकोनी तासावी असेही सांगितले आहे. स्वयंपाकघराचा धूर तिथे पोहोचावा हा त्याचा सल्ला आपण आज घेणार नाही, परंतु सकाळचे ऊन आत येऊन भुसा कोरडा करते आणि चपट्या दांडीवर पाऊल नीट बसते, या दोन्ही गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत समोरची बाजू जाळीवर मोकळी सोडलेल्या खुराड्यांचा पुरस्कार झाला, तोही तिथल्या कडक हिवाळ्यात. तीन बाजू घट्ट बंद आणि चौथी उघडी असली की आतली हवा स्थिर राहते आणि दमटपणा मात्र निघून जातो, असा त्यामागचा विचार होता. जिथे थंडी कडाक्याची नसते तिथे तर भिंतींचा वरचा अर्धा भाग नुसत्या जाळीचा ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

दांडी ही खुराड्यातली खरी फांदी. ती पाच सेंटिमीटर रुंद, वरच्या कडा रंध्याने गोलसर केलेली आणि प्रत्येक कोंबडीला वीस-पंचवीस सेंटिमीटर जागा देणारी असावी. उंचीच्या बाबतीत रानकोंबडीचे अनुकरण जसेच्या तसे करता येत नाही. रानकोंबडी जेमतेम किलोभराची, बहुधा त्याहूनही हलकी असते. जड पाळीव जातींची कोंबडी तीन किलोपर्यंत सहज भरते, आणि सकाळी उंचावरून कठीण जमिनीवर रोज उडी मारत राहिली तर तिच्या तळव्याला गळू होते किंवा छातीचे हाड दुखावते. माझ्या कोंबड्या मध्यम वजनाच्या असल्यामुळे मी दांड्या साधारण 75 सेंटिमीटर उंचीवर ठेवल्या आणि उतरण्यासाठी तिरपी फळी दिली. दांड्या कमीअधिक उंचीवर ठेवल्या की सर्वांत वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. कोंबड्यांमधली ही मानाची उतरंड नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे याने 1921-22 च्या सुमारास शास्त्रीय पद्धतीने मांडली, आणि संध्याकाळी दांडीपाशी ती कुणालाही पाहता येते. दांड्या एकाच उंचीवर आणि जागा मुबलक असली की कुरकुर लवकर शमते.

अंडी घालण्याच्या पेट्यांना फार विचार लागत नाही: फूटभर लांब-रुंद-उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात, चार कोंबड्यांमागे एक, आणि दांडीपेक्षा नक्की खाली. त्या वर असल्या तर कोंबड्या तिथेच झोपतात आणि अंडी विष्ठेत लडबडतात. जागेच्या बाबतीत मात्र हात सैल सोडावा. आत प्रत्येक कोंबडीला किमान चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात दहा चौरस फूट हे माप किमान आहे; दाटीत पिसे उपटणे आणि चोची मारणे सुरू होते, आणि ते एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड जाते. अंगणावर नुसत्या जाळीऐवजी पक्के छप्पर घातले तर घारी-ससाण्यांसोबत रानपक्ष्यांची विष्ठाही अडते. बर्ड फ्लू रानपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतो, तेव्हा हा खर्च मला अनाठायी वाटला नाही. मलाच आत ताठ उभे राहता येईल एवढी उंची मी मुद्दाम ठेवली, कारण जिथे वाकून सरपटावे लागते ती जागा साफ करण्याचा कंटाळा येतो आणि ती घाण राहते.

एक शत्रू असा आहे की जो जाळीला जुमानत नाही. तांबडी पिसू म्हणून ओळखला जाणारा अगदी बारीक गोचिडवर्गीय जीव दिवसा लाकडाच्या फटीत दडून राहतो आणि रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितो. उबदार हवेत त्याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते आणि रक्ताविना तो कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खुराडे काही आठवडे रिकामे ठेवून तो मरत नाही. दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही; रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगाला पांढरा कागद फिरवला की तांबूस ठिपके उमटतात. बांधणीतच त्याची सोय कमी करता येते. दांड्या स्क्रूने कायमच्या न जखडता लोखंडी खाचांत बसवाव्यात, म्हणजे त्या काढून उन्हात टाकता येतात आणि टोके उकळत्या पाण्याने धुता येतात. एकावर एक दोन फळ्या चिकटून बसतील अशी रचना टाळावी आणि जे सांधे टाळता येत नाहीत ते लांबी (पुट्टी) भरून, वर रंग देऊन गुळगुळीत करावेत. दांडीखाली काढता येईल असा पत्रा ठेवावा. रात्रीची विष्ठा तिथेच पडते आणि रोज सकाळी खरवडून खतात टाकता येते. त्यामुळे खालचा चार-सहा इंचांचा भुसा दीर्घकाळ कोरडा राहतो आणि अमोनियाचे मूळच कमी होते.

काम पुरे झाले असे वाटले की एक तपासणी जरूर करावी. भर दुपारी खुराड्यात शिरून सगळी दारे लावून घ्यावीत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. झरोक्यांशिवाय जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल ती फट आहे. तिची रुंदी करंगळीने मोजावी. बोटाचे टोक शिरले तर ती जागा त्याच दिवशी बुजवावी. मी ही तपासणी छपराच्या आणि भिंतीच्या सांध्यापाशी विशेष बारकाईने केली, कारण पत्र्याच्या प्रत्येक नागमोडी उंचवट्याखाली एक लहानसे भुयार तयार होते आणि खालून उभे राहून पाहिले तर ते दिसत नाही.

कोंबड्या नव्या घरात आणल्या की पहिला आठवडाभर तरी त्यांना खुराड्यात आणि त्याच्या बंद अंगणातच ठेवावे. रात्री परतण्याची जागा एकदा मनात ठसली की पुढे त्या उजेड मावळताना आपण होऊन दांडीवर येऊन बसतात; त्यांना हाकलावे लागत नाही, फक्त दार लावायला माणूस वेळेवर हजर हवा. उजेडावर चालणारी स्वयंचलित दारे सोयीची असतात आणि प्रवासात ती उपयोगी पडतात, तरी मी रोज संध्याकाळी स्वतः जाऊन डोकी मोजतो, कारण एखादी कोंबडी बाहेर राहिली असतानाच दार बंद झाले, तर ते यंत्र सांगत नाही.

पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर सगळे खुराडे पुन्हा एकदा हाताखालून घालावे लागते. लाकूड फुगते, स्क्रू अर्धा फेरा सैल होतात, जोत्यालगतची माती वाहून बाहेर पसरलेल्या जाळीची कड उघडी पडते. दाराची कड फुगून कडी कोयंड्यात बसेनाशी झाली, तर कडीची जागा बदलण्याचा मोह आवरावा आणि दार उतरवून फुगलेली कड रंध्याने साफ करावी. कडी हलवली की जुन्या भोकांत पाणी मुरते आणि चौकटीचा नेमका तोच भाग कुजू लागतो. रंधलेल्या कडेवर त्याच दिवशी तेलाचा हात द्यावा आणि दार पुन्हा टांगून दोन्ही कड्या लावून, खालचा कोपरा मुठीत धरून जोराने ओढून पाहावा.